जावयाची थुंकी

हरिश्चंद्र भुवडने दाढेखालची तंबाखू थुंकून टाकली, चूळ भरली आणि प्लास्टिकची नळी हातात घेऊन तो ओटीवर बसला. नळीवर रेघ होती. तिथपर्यंत थुंकी भरायची, पण आधी अर्धा तास तंबाखू नाही, चहा नाही, पाणीसुद्धा नाही, असं दादूतात्यांची नात ऋतिका बजावून गेली होती. ती मुंबईला हेच शिकत होती. अर्ध्या तासाने बघतो तर तोंड कोरडं ठाक. खाकरून खाकरून जीव दमला, रेघ काही येईना.

हा सगळा खटाटोप शिमग्याच्या पालखीसाठी. ती पहिली नाचायची हरिश्चंद्राच्या अंगणात. खालच्या घरचा सखाराम म्हणायचा, आम्हीही त्याच मूळपुरुषाचे, एक वर्ष आम्हालाही मान द्या. त्यावर हरिश्चंद्र भर गावकीत बोलून गेला होता, "तुजा आजा कुठनं आला तां इचार आधी." बोलला ते बोलला, गप्प तरी बसावं की नाही? पण बापाकडचा वंश थुंकीतून कळतो असं ऐकल्यावर तपासणीचा हट्टही ह्यानेच धरला. थोरल्या घरचे दादूतात्या, सखाराम आणि तो, तिघांनी नळ्या भरायच्या. दादूतात्यांशी ज्याचं जुळेल तो खरा.

जावई विनोद लोटे औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीतून सुट्टी काढून आला होता. तो समोरच बसला होता.

"जावईबापू, जरा हितं थुका."

"मामा, पण नाव तुमचं आहे त्यावर."

"तुमी काय परके? घरचाच मानूस. थुकी ती थुकी."

सासऱ्याला नाही कसं म्हणणार? विनोदने दोन मिनिटांत रेघ पार केली. जावयाचा बाप वेगळा असतो, एवढी साधी गोष्ट हरिश्चंद्राच्या टाळक्यात शिरली नाही.

दीड महिन्याने निकाल आला. पालखी बसते त्या सहाणेवर सगळी भावकी जमली, विनोदही पुन्हा सुट्टी काढून आला. आपल्या घरचा मान डोळ्यांनी बघू दे म्हणून हरिश्चंद्राने म्हाताऱ्या आईला, कमळाला, हात धरून आणलं आणि सगळ्यांच्या पुढे बसवलं.

ऋतिका वाचू लागली. "आजोबा आणि सखारामकाका, वंश एकच." मग ती अडखळली. "हरिश्चंद्रकाकांचं मात्र... कुठेच जुळत नाही."

सखाराम हसला असता तरी परवडलं असतं. तो खाली मान घालून बसला. बाकीचे एकेक करून कमळाकडे बघू लागले. बाप वेगळा निघाला की माणसं आईकडेच बघतात.

गप्प राहावं तर ऐंशी वर्षांच्या आईला डाग, बोलावं तर आपली शोभा. हरिश्चंद्र उठला.

"ती थुकी माजी नव्हती."

"मंग कोनाची?" दादूतात्यांनी विचारलं.

"जावयाची."

अख्खी सहाण हसली. विनोद चपला शोधू लागला. हसणं थांबेपर्यंत हरिश्चंद्र तसाच उभा होता, आणि तेवढा वेळ त्याला वर्षासारखा गेला.

"मला लाज वाटते," तो म्हणाला. "सखारामाच्या आज्याला नाय ते बोललो, वर ही लबाडी केली. मला काय हसायचं तां हसा. पन माज्या आवशीकडं कोनी बघायचं नाय. ऋतिका, दुसरी नळी हाय ना? दे. आता सगळ्यांसमोर थुकतो."

ऋतिकाने पिशवीतून नळी काढून दिली. हरिश्चंद्राने झाकण उघडलं. ह्या वेळी तोंड कोरडं नव्हतं.

"नको," कमळा म्हणाली.

साठ वर्षांत ती गावकीत पहिल्यांदा बोलत होती.

"आये, अगो तुज्याच अब्रूसाठी..."

"झाकन लाव."

हरिश्चंद्राने आईकडे पाहिलं. तिने पदर कपाळावर ओढून घेतला होता.

"औंदा पालखी पयली सखारामाकडं जाऊ दे," ती म्हणाली. "आनि ती नळी हिकडं दे."

हरिश्चंद्राने झाकण लावून नळी तिच्या हातात दिली.