फेट्यावरची छत्री

माणूस मुंबईला जातो तो पोटासाठी, आणि गाव मुंबईला जाते ते त्या माणसावर नजर ठेवण्यासाठी.

माण तालुक्यातल्या आमच्या खुटाळवाडीने हे काम फार चोख केले आहे. परळच्या एका चाळीत गावाची खोली आहे. तीत गिरणीतले अठरा गडी राहतात, आणि उरलेल्या जागेत अख्खे गाव राहते. (शहररचना शिकायला लोक विलायतेला का जातात, देव जाणे.)

गावात ओढ्याकाठी ज्यांची घरे, त्यांच्या वळकट्या मोरीपाशी. वरच्या आळीच्या वळकट्या कोरड्या भिंतीकडे. गावाकडे शेजाऱ्याचा बांध कोरतात, इथे त्याची सतरंजी रोज बोटभर दाबतात. शिव्या मात्र त्याच. उंबरा म्हणजे वेस, म्हणून मारुतीची तसबीर दारावर. उंबऱ्यापलीकडची गॅलरी वेशीबाहेर. तिथे अर्जुना झोपतो, कारण गावातही त्याचे घर वेशीबाहेरच आहे. सूतखात्यात तो आणि वरच्या आळीचा गुंडा खांद्याला खांदा लावून राबतात. (गिरणीला वेस ठेवायचे मालकाला सुचले नाही. परका माणूस.)

खिडकीखालची उत्तम जागा भाऊसो पाटलांची. पाटील मुंबईला एकदाच आले. नळावर रांगेत उभे राहा म्हटल्यावर रागावून परत गेले, जागेवर फेटा ठेवून. तेव्हापासून गडी गुडघे पोटाशी घेऊन झोपतात आणि फेटा ऐसपैस पसरतो. खोलीचे कारभारी आमचे आबा रोज सकाळी तो स्वतः झटकतात. इतकी निष्ठा हल्ली पाहायला मिळत नाही!

शाळेच्या सुट्टीत मी साताऱ्याहून शेजारच्या चाळीत बनुआत्याकडे आले होते, म्हणून पुढचे डोळ्यांनी पाहिले. पाऊस लागला, गॅलरीत झड येऊ लागली आणि अर्जुना तापाने फणफणला. खोकला असा, की खालच्या मजल्याने तक्रार केली. (औषध कुणी दिले नाही, तक्रार वेळेवर दिली.) त्याची आई धोंडुबाई गावाहून धावत आली आणि उंबऱ्याबाहेर उभी राहिली.

"आवं आबा, त्यो फेटा वाईच सरकवा की. पोरगं भिजतंय. मरंल न्हाईतर."

"अगं धोंडे, पाटलास्नी इचारल्याबिगर फेटा कसा सरकवायचा?"

"मंग माझ्या पोराला त्यास्नी इचारून ताप आला व्हय?"

या प्रश्नाला नियमात उत्तर नव्हते. म्हणून बैठक भरली, आणि सर्वांनी मनापासून हळहळून ठरवले की पावसाचा बंदोबस्त झालाच पाहिजे. लढाईच्या महागाईत वर्गणी काढून मोठी काळी छत्री आणली. धोंडुबाईने आबांना लांबूनच हात जोडले. आबांनी छत्री उघडली आणि फेट्यावर ठेवली. खिडकीतून त्याच्यावर तुषार येत होते ना!

धोंडुबाई उंबरा ओलांडून, सगळ्या गावातून चालत सरळ खिडकीपाशी गेली, छत्री उचलली आणि बाहेर नेऊन लेकाच्या डोक्यावर धरली.

"बाटलं! समदं बाटलं!" गुंडा ओरडला.

गोमूत्र शिंपडून खोली शुद्ध झाली. फेटाही झाला. छत्री मात्र परत आत घ्यावी, तर ती बाटलेली. शुद्ध करावी, तर तिला आणायला कुणीतरी शिवले पाहिजे. नियमाने ती अर्जुनाचीच झाली. आठवड्याने त्याचा ताप उतरला. नियम हे गोरगरिबांच्या कल्याणासाठीच असतात, ते असे.

निघताना मी धोंडुबाईला विचारले, "फेटाच का नाही उचललास?"

"त्येनं पाऊस थांबतोय व्हय, पोरी?"

साताऱ्याला आल्यावर हे मी शाळेत वाचून दाखवले. वर्ग पोट धरून हसला. बाहेर व्हरांड्यात बसून शिकणारी राही हसली की नाही, ते आतून दिसले नाही.

तुम्हीही हसला असाल. घसा कोरडा पडला असेल तर पाणी प्या. फक्त ओसरीच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला पेला घेऊ नका. तो तुमचा नव्हे, हे तुम्हाला ठाऊक आहेच.