घरतांचा अभिप्राय

गुरुदत्त घरत रात्रभर जागे असत, कारण त्यांना पगारच त्याचा मिळत होता. उरणच्या रस्त्यावरच्या एका कंटेनर यार्डात ते कायमच्या रात्रपाळीला होते. कुठला कंटेनर आत आला, कुठला बाहेर गेला, यावर नजर ठेवायची. सकाळी दूधवाल्याच्या मागोमाग जिना चढायचा, चहाबरोबर भाकरी खायची, पडदे ओढायचे आणि आडवं व्हायचं. इथवर सगळं ठीक होतं. पुढे झोप यायला हवी, ती येत नसे. विमानतळ होणार, होणार म्हणून पनवेलमध्ये जो तो मजल्यावर मजले चढवत होता, आणि त्यातली एक इमारत नेमकी घरतांच्या उशाशी उठत होती.

मागच्याच महिन्यात डुलकीच्या भरात त्यांनी दुबईला जायचा कांदा यार्डात ठेवला आणि कांद्याच्या जागी फरशा पाठवल्या. सुपरवायझर म्हणाला होता, "घरत, परत असं झालं ना, तर दिवसा पण झोपा आणि रात्री पण झोपा. घरीच."

तळपायाला तेल झालं, जायफळाचं दूध झालं. शेवटी बायको ललिता म्हणाली, "अवो, माझे बाबा पुस्तक हातात घेतलं की घोरायचे. बघा जमतंय का." अशा रीतीने घरत साहित्याकडे वळले.

शैलेश नावाचा एक जण स्कूटरला दोन पिशव्या अडकवून घरोघर कादंबऱ्या पोचवायचा. त्याची एक पद्धत होती. पुस्तक परत घेताना तो विचारायचा, "कशी वाटली?" आणि मिळेल ते उत्तर पुढच्या घरी पुस्तकाबरोबर पोचतं करायचा. लोकांनाही परीक्षणं वाचण्यापेक्षा ते सोयीचं पडायचं.

"कसली रे ही कादंबरी?" घरत पहिल्याच खेपेला करवादले. "त्या बाईला दरीत लोटलं कुणी, हे कळेपर्यंत दुपार झाली. डोळ्याला डोळा नाही. असलं परत आणू नकोस."

शैलेशने पुढच्या घरी सांगितलं, "घरतकाकांनी डोळ्याला डोळा लावला नाही." त्या कादंबरीवर उड्या पडल्या. पुढच्या खेपेला घरत म्हणाले, "यातली सासू मेली आणि मला रडायलाच आलं. झोपायचं सोडून मी रडत बसलो. भिकार पुस्तक!" त्या पुस्तकासाठी तर दोन शेजारणींनी एकमेकींशी बोलणं सोडलं. बघता बघता घरत ज्या कादंबरीला शिव्या घालतील ती उत्तम, असा गल्लीत लौकिक झाला. घरत बिचारे लाल डोळ्यांनी यार्डात उभे असायचे, त्यांना याचा पत्ताच नव्हता.

एकदा शैलेशने ओशाळत एक जाडजूड पुस्तक पुढे केलं. "ही आपल्या ओकसाहेबांची, काका. दिनानाथ ओक. जन्मभर खरेदीखतं लिहिली, आता कादंबरी लिहिलीय. पदरमोड करून छापली. कोणी हात लावत नाही हो."

कथा प्रेमाची होती, कर्नाळ्याच्या पायथ्याशी घडत होती. पण ओकांच्या हाताला दस्ताचं वळण. चारी बाजूंच्या हद्दी सांगितल्याशिवाय त्यांना एकही पात्र कुठे बसवता येत नव्हतं. 'सदरहू नायिका ज्या कट्ट्यावर बसली, त्याच्या पूर्वेस आंब्याचे झाड, पश्चिमेस सरकारी रस्ता, दक्षिणेस देवजी यांची पडीक जमीन व उत्तरेस ओहोळ. येणेप्रमाणे चतुःसीमापूर्वक कट्ट्यावर, तेथील तरू, तृण, काष्ठ, पाषाणासह, ती रडू लागली.'

पाषाण येईपर्यंत घरत घोरत होते. शेजारच्या इमारतीवर अख्खा स्लॅब ओतला गेला, त्यांना कळलंही नाही. संध्याकाळी उठले ते लहान मुलासारखे प्रसन्न. दुसऱ्या दिवशीही तेच. आठवडाभरात डोळ्यांची लाली गेली, भूक लागली, कंटेनर आपापल्या गावी जाऊ लागले. शैलेश आला तेव्हा घरत पुस्तक छातीशी धरून म्हणाले, "असं पुस्तक जन्मात वाचलं नाही रे. पान उलटावं लागत नाही. एका पानात माणूस गार! हे माझ्याकडेच राहू दे."

शैलेशने इमानेइतबारे गावभर सांगितलं आणि पनवेल खो खो हसलं. भाजी घेताना ओकांना कुणीतरी विचारलं, "साहेब, डॉक्टरनी गोळ्या दिल्यात. त्या बंद करून तुमची कादंबरी चालू करू का?"

त्याच दुपारी घरतांची बेल वाजली. दारात ओक उभे होते. पांढरा शर्ट, खिशाला लाल पेन.

"माझ्या कादंबरीनं झोप लागते असं म्हणणारे आपणच?"

"हो हो! या ना, बसा!" घरत डोळे चोळत उत्साहाने म्हणाले. "फार छान लागते!"

ओक बसले नाहीत, कोसळले. मग त्यांनी पेन काढलं. "नेमकी कुठं लागते ते दाखवा."

घरत सरळ माणूस. त्यांनी बोट ठेवलं. ओकांनी तेवढ्यावर काट मारली.

मग ते रोज येऊ लागले. खाटेशेजारी खुर्ची टाकून मोठ्याने वाचायचे आणि घरतांची पापणी कुठे मिटते ते बघायचे. मिटली की काट. ललिता चहा देताना नवऱ्याला चिमटा काढायची. "अवो, तुमी झोपू नका ना. त्यांना किती वाईट वाटतं!" घरत डोळे ताणून बसायचे. आंबा गेला, सरकारी रस्ता गेला, देवजींची जमीन कुणाला विचारल्याशिवाय गेली. नायिका आता आल्या आल्या रडायची आणि पुढच्या पानावर खून पडायचा.

दुसरी आवृत्ती निघाली आणि शैलेशच्या पिशवीत प्रती पुरेनात. घरतांसाठी त्याने एक प्रत फुकट आणली. जुनी ललिताने त्याला देऊनही टाकली होती. "फाटली होती, तिचं काय करायचं? आता चांगली हाय ना घरात." घरतांनी भीतभीत नवी प्रत उघडली आणि मिटली ती संध्याकाळी, पाळीची वेळ झाल्यावर. त्या रात्री एक कंटेनर बाहेर गेल्याचं त्यांना आठवेना आणि आत असल्याचं दिसेना. सुपरवायझर आता ओरडलासुद्धा नाही. "उद्या रात्री मोठे साहेब येतायत," एवढंच म्हणाला. "ते बघतील काय करायचं ते."

दुसऱ्या दिवशी दुपारी ओक पेढे घेऊन आले. घरतांनी पेढा बाजूला ठेवला आणि त्यांचे हात धरले.

"साहेब, ते कापलेलं मला द्या. आज झोपलो नाही तर माझी नोकरी गेली."

"जुन्या प्रती सगळ्या रद्दीत गेल्या हो." ओक थबकले. "तुम्हाला ते... आवडायचं?"

"आवडायचं काय साहेब! त्याच्यावरच जगत होतो मी."

ओकांचे डोळे भरून आले. "लोक कौतुक करतात, घरत. पण हे पुस्तक मला माझं वाटत नाही. रात्ररात्र तळमळतो. नायिका बसलीय कुठं, कुणाच्या जागेत, काही ठावठिकाणा नाही! मोकाट सोडली मी तिला." त्यांनी नाक पुसलं. "पण तोंडपाठ आहे मला सगळं. तुम्ही आडवे व्हा. कट्टा तुमचा झालाय, मधल्या प्रकरणातली विहीर घेऊ."

त्या विहिरीच्या चारी हद्दी घरतांनी जागेपणी कधी ऐकल्याच नव्हत्या. ते आडवे झाले. ओक खुर्चीत मागे रेलले आणि डोळे मिटून, पूर्वीच्या संथ, सरकारी आवाजात सुरू झाले.

"सदरहू नायक ज्या विहिरीपाशी वाट पाहत होता, त्या विहिरीच्या पूर्वेस... काजूची बाग..."

घरतांचे खांदे सैल पडले.

"पश्चिमेस... शिवा यांचे भातखाचर..."

बाहेरची ठोकाठोक लांब गेली.

"दक्षिणेस... गावठाण..."

घरत अगदी काठावर आले होते. एक दिशा, तेवढीच बाकी होती. त्यांनी वाट पाहिली. मग आणखी थोडी वाट पाहिली. शेवटी एक डोळा उघडून बघितलं, तर ओकांची मान कलली होती, तोंड किंचित उघडं पडलं होतं आणि बऱ्याच दिवसांचं देणं फिटल्यासारखे ते शांत घोरत होते.

ललिता दारात आली. "अगं बाई! झोपले वाटतं. उठवू नका हां, म्हातारं मानूस हाय."

घरत ताडकन उठून बसले होते. झोप पार पळाली होती.

"नाही उठवत," ते कुजबुजले. "पण ललिता, उत्तरेस काय असेल गं?"