लेम्पीची रायफल आणि माझा हात

रायफल निवडण्यात माझी कधीच चूक होत नाही! हे मी म्हणत नाही, सगळा परगणा म्हणतो. म्हणजे, मागच्या उन्हाळ्यापर्यंत तरी म्हणायचा.

आमच्याकडे, उत्तर मिशिगनच्या या जंगलपट्टीत, शिकारीचा परवाना हवा तर आधी सुरक्षेचा वर्ग करावा लागतो. तो वर्ग घेतो मी, रेनो कांगास. चर्चच्या तळघरात, फळ्यासमोर, पोरांच्या गराड्यात. एखाद्याला तीच गोष्ट दहादा समजावून सांगावी लागली तर मला त्रास होत नाही, उलट अकराव्यांदा सांगायची हुक्की येते. आज गावातला दुकानदार, पोस्टमन, दाताचा डॉक्टर, सगळे माझेच विद्यार्थी. मी बाजारात नुसतं "बोट कुठे?" असं ओरडलो, तर अर्धं गाव दचकून पहिलं बोट सरळ करतं. चापापासून लांब!

तर एका सकाळी माझ्या बायकोनं, लेम्पीनं, कॉफी ओतता ओतता जाहीर केलं, "रेनो, मला रायफल घ्यायचीय. सेमी-ऑटोमॅटिक."

"घरात आहे की एक! माझ्या बापाची."

"तिचा खटका दर गोळीला मागे ओढावा लागतो. मागच्या स्पर्धेत मी खटका ओढत बसले, तोवर पलीकडच्या गावच्या बायका सगळ्या थाळ्या पाडून सँडविच खायला गेल्या होत्या!"

थाळ्या म्हणजे लोखंडी थाळ्या. एका ओळीत उभ्या करतात, गोळी लागली की ठणकन आडव्या होतात, आणि जो आधी पाडेल तो जिंकतो. आमच्या चर्चच्या बायकांचा संघ दर जूनमध्ये उतरतो आणि दर जूनमध्ये हरतो. त्या वर्षी लेम्पीनं चंगच बांधला होता. पण एक अट होती. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी, शुक्रवारी, प्रत्येकीनं आपली रायफल क्लबवर दाखवायची. मैदान बंद होईपर्यंत काडतुसांनी भरलेलं एक मॅगझिन न अडकता रिकामं झालं पाहिजे. नाही झालं तर जागा गेली, आणि ती मिळणार राखीव खेळाडूला, म्हणजे बर्निसला. ही बर्निस चर्चमध्ये ऑर्गन वाजवते. लेम्पीची बालमैत्रीण. त्यामुळे लेम्पीला ती हरणाऱ्या संघात चालली असती, जिंकणाऱ्या संघात मुळीच नाही!

"पहिलीच सेमी-ऑटोमॅटिक, तर स्वस्त आणि भरवशाची हवी," लेम्पी म्हणाली. "मांसाच्या पास्ट्या विकून मी साठवलेल्या पैशांत बसेल अशी. एकदाच घेता येईल, रेनो. दुसऱ्यांदा नाही."

"निवडायचं काम माझ्यावर सोड!" मी म्हणालो.

इथे लेम्पीनं काळजीनं माझ्याकडे बघितलं होतं, हे मला आता आठवतं.

आता बघा मुलांनो (सवयीनं म्हणतो हं, तुम्ही मोठे असलात तरी), सेमी-ऑटोमॅटिकमध्ये चाप दाबला की गोळी एकच सुटते. पण त्या धक्क्यानं रिकामी पुंगळी आपोआप बाहेर उडते आणि नवं काडतूस वर येतं. एवढंच! त्यामुळे भरवशाची रायफल ओळखायची परीक्षा अगदी सोपी. घ्या आणि झाडा!

म्हणून मी आधी शेजारच्या गस पेनहेलची रायफल मागून आणली. गस तिच्याबद्दल असं बोलायचा, जशी काही पोटची पोर. आमच्या घरामागे मातीचा उंच बांध आहे, तिथे मी नेम धरतो. फडताळातला काडतुसांचा कॉफीचा डबा काढला, मॅगझिन भरलं, चाप दाबला.

फुस्. आणि पुंगळी दारातच अडकली! अर्धी आत, अर्धी बाहेर, लिफ्टच्या दारात सापडलेल्या जाड माणसासारखी.

काढली. पुन्हा दाबला. फुस्. पुन्हा अडकली.

"घाण साचली असणार," मी म्हणालो, आणि रायफल रिकामी करून स्वयंपाकघरातल्या टेबलावर खोलली. लेम्पी तिथेच पास्ट्या भरत होती. पातळ लाटलेली पारी, आत मांस, बटाटा, कांदा, वरून मुरड. मी एक पिन सैल केली मात्र, आतून एक स्प्रिंग टण्णकन उडाली आणि दिसेनाशी झाली! ओट्याखाली शोधली, मांजराखाली शोधली, मिळाली नाही.

संध्याकाळी गस रायफल न्यायला आला. त्याला काय आणि कसं सांगावं, ते मला सुचेना. म्हणून आधी पास्टी वाढली.

गसनं दुसराच घास घेतला, त्याच्या कवळीखाली कट्कन आवाज झाला आणि त्याचा चेहरा बदलला.

"रेनो, यात काय घातलंय?"

"मांस, बटाटा..."

त्यानं तोंडातून स्प्रिंग काढून बशीत ठेवली. बोटानं ती उलटीपालटी केली. मग हळू आवाजात म्हणाला, "ही माझ्या ओळखीची वाटते."

मी घाईघाईनं म्हणालो, "गस, राग मानू नकोस, पण ही जातच भरवशाची नाही! दर गोळीला अडकते!"

"माझी रायफल? उभ्या जन्मात अडकली नाही ती!" गस रायफल, स्प्रिंग आणि उरलेली पास्टी घेऊन निघून गेला. बोलणं बंद!

ठीक आहे, जुनी होती. आता नवीच घेऊ, असं ठरवून मी लेम्पीला डेल लाप्लांटच्या दुकानात नेलं. डेलनं काउंटरवर चार रायफली मांडल्या. मी प्रत्येकीच्या नळीत डोकावलो, दस्ता ठोकून पाहिला, "हं" म्हणालो. लेम्पीनं एक उचलून खांद्याला लावली आणि म्हणाली, "ही."

"असं नसतं ठरवायचं, लेम्पी! वजन, नळीची लांबी..."

"ही माझ्या खांद्याला बसते. आणि माझ्या पैशांत बसते."

डेल मला म्हणाला, "सर, वहिनींचं बरोबर आहे." मी त्याला नापास करायला हवं होतं, पण आता उशीर झाला होता. लेम्पीनं पैसे मोजून दिले.

घरी आलो, डबा काढला, मॅगझिन भरलं. फुस्. अडकली!

लेम्पी पायरीवर मटकन बसली. पास्टीचे सगळे पैसे त्या काळ्या नळीत गेले होते, आणि शुक्रवार दोन दिवसांवर आला होता.

मी भरलेलं मॅगझिन वेगळं खिशात आणि रिकामी रायफल पेटीत घालून दुकान गाठलं. गिऱ्हाइकांची गर्दी होती. तरीही मी गरजलो, "डेल! ही रायफल आहे की दरवाजाची कडी?"

डेल शांतपणे मला मागच्या गोळीबाराच्या गल्लीत घेऊन गेला. दुकानातलं मॅगझिन लावलं. ठाय ठाय ठाय! शिवणयंत्रासारखी चालली. एकदाही अडकली नाही.

"आता तुम्ही, सर."

मी खिशातलं माझं मॅगझिन लावलं. फुस्. अडकली.

आमच्यामागे दारात सगळी गिऱ्हाइकं जमली होती. शेवटी डेल माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "सर, रागावू नका. कधी कधी पकड ढिली असली की सेमी-ऑटोमॅटिकला धक्का नीट बसत नाही. तुमचा हात अलीकडे... थरथरतो का?"

"माझा हात? थरथरतो?" मी ओरडलो, आणि रागानं माझा हात खरंच थरथरला. सगळ्यांनी पाहिलं!

बस. आमच्या गावात बातमीला पाय फुटत नाहीत, तिला थेट चाकंच असतात. जेवणाच्या वेळेपर्यंत दारात पहिलं भांडं आलं. आमच्याकडे कोणी आजारी पडलं की शेजारणी मॅकरोनी आणि चीज भट्टीत भाजून मोठ्या काचेच्या भांड्यातून आणून देतात. भांडं जितकं मोठं, तितका आजार गंभीर. संध्याकाळपर्यंत ओट्यावर जागा उरली नाही. सगळ्यात मोठं भांडं बर्निसचं होतं. त्यात आमची मांजर मावली असती!

"बिचारा रेनो," ती दारातूनच लेम्पीला म्हणाली. "शनिवारचं टेन्शन घेऊ नकोस हं. मी आहे ना!"

दार लागल्यावर लेम्पी म्हणाली, "ती कपड्यांना इस्त्री करून आलीय, रेनो. संघाच्या कपड्यांना!"

मी काय करणार? रात्रभर पिठाचा गोळा मुठीत दाबून पकड घट्ट केली. सकाळी त्या पिठाचे पाव झाले. फार हलके झाले. रायफल मात्र तशीच.

शुक्रवारी क्लबवर सगळं गाव आल्यासारखं वाटत होतं. गससुद्धा आला होता, पण त्यानं माझ्याकडे पाठ केली होती. तपासणीला होती मार्सी, मैदानाची अधिकारी. लहानपणी ती माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसायची आणि माझ्या चुका काढायची. बर्निस हातात स्वतःची काडतुसं घेऊन तयार उभी होती.

लेम्पीनं डब्यातली काडतुसं भरली. नेम धरला. शेजारच्या जागेवरून कुणाची तरी गोळी सुटली, ठाय! मग लेम्पीची. फुस्.

अडकली. मी डोळे मिटून घेतले.

लेम्पीनं रायफल खाली ठेवली, मॅगझिन काढलं, पुंगळी काढली आणि कान टवकारून तशीच उभी राहिली. पलीकडे ठाय. इकडे फुस्. मग ती हळूहळू माझ्याकडे वळली. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात मी ती नजर तीनदाच पाहिली होती.

"रेनो. ही काडतुसं कोणती?"

"आपली नेहमीची. फडताळातली."

"अरे देवा! ही कोंबड्यांची आहेत!"

"कोंबड्यांची?"

"तू घरामागे नेम धरलास की कोंबड्या घाबरून अंडी द्यायच्या थांबायच्या! म्हणून मी मुद्दाम बिनआवाजाची, कमी दारूची आणली होती! तुझ्या जुन्या रायफलीला काय, तिचा खटका तूच ओढतोस. पण हिला धक्का कोण देणार? या काडतुसांत जोर कुठाय?"

पाठ करून उभा असलेला गस गर्रकन माझ्याकडे वळला.

"म्हणजे माझी रायफल..." गस म्हणाला.

"उत्तम आहे, गस," मी म्हणालो.

"आणि माझी कवळी?"

मी वाकून बुटाची नाडी बांधायला घेतली.

"मार्सी, मला दुसरी काडतुसं वापरू दे," लेम्पी म्हणाली.

"वापरा ना. पण आत्ता. मैदान बंद करायची वेळ झालीय."

शेजारच्या जागेवरची काडतुसं संपली होती, बाकी सगळ्यांची गाड्यांमध्ये होती. हातात होती ती फक्त बर्निसच्या. लेम्पीनं तिच्याकडे पाहिलं. बर्निसनं पेटी छातीशी धरली. इस्त्रीच्या कपड्यांकडे पाहिलं. थाळ्यांकडे पाहिलं. ऑर्गनवर शेवटचा सूर धरून ठेवावा, तितका वेळ गेला.

"माझं भांडं घासून देशील?" ती म्हणाली.

"घासून देईन. भरूनही देईन!"

"भरून नको. माझ्या घरी मॅकरोनी कोणी खात नाही." आणि तिनं पेटी पुढे केली.

ठाय ठाय ठाय! मॅगझिन रिकामं. मार्सीनं अंगठा वर केला.

शनिवारी काय झालं, ते थोडक्यात सांगतो. आमचा संघ आणि पलीकडच्या गावचा संघ अगदी बरोबरीत आले. शेवटची पाळी लेम्पीची. थाळ्या ओळीनं पडत गेल्या. एकच उरली. ठाय! ती डुलली, मागे गेली, पुढे आली, विचार केला, आणि ठणकन आडवी झाली. जिंकलो!

मला भान राहिलं नाही. मी धावत सुटलो, दोन्ही हात पसरून, लेम्पीला मिठी मारायला!

"थांबा!!"

मी थांबलो. खाली पाहिलं. माझा उजवा पाय पिवळ्या रेषेच्या पलीकडे होता. सगळ्यांच्या रायफली रिकाम्या झाल्याचं अधिकाऱ्यानं जाहीर करेपर्यंत त्या रेषेपुढे कोणीही पाय टाकायचा नसतो. कोणीही म्हणजे कोणीही.

"सर," मार्सी म्हणाली. "रेष."

"मार्सी, अगं, मी फक्त..."

"रेष ओलांडली की त्या दिवसापुरतं मैदानाबाहेर. हे कोणी शिकवलं?"

कुंपणाला माझ्या त्या वर्षीच्या वर्गातली सगळी पोरं लटकली होती. त्यांनी एका सुरात उत्तर दिलं, "कांगास सरांनी!"

इतकं स्पष्ट, इतकं बिनचूक उत्तर त्यांनी वर्गात कधी दिलं नव्हतं. वाईट वाटावं की अभिमान, ते मला कळेना.

बक्षीस समारंभ मी गाडीत बसून ऐकला. काच खाली केली होती, तेवढ्याला मार्सीची परवानगी होती. थोड्या वेळानं लेम्पी सगळा संघ घेऊन आली. तिच्या हातात चषक होता आणि गालांवर लाली.

"चावी दे," ती म्हणाली. "आम्ही जेवायला चाललोय."

"आणि मी?"

"तुला टाकून थोडीच जाणार? मागे सरक."

मी मागे सरकलो. दोन्ही बाजूंनी बायका बसल्या, मांडीवर चषक आला. मी चषक एका हातानं सावरला आणि दुसऱ्या हातानं सगळ्यांच्या आधी पट्टा लावला. सुरक्षेच्या बाबतीत मी कोणाला बोट ठेवायला जागा देत नाही!