पंख्याचा पावसाशी संबंध नाही

"सूर्य आपला, वारा आपला! यापुढं माझ्या घरात अंधार पडला, तर मिशा उतरवून देईन!"

बेंबळीच्या चौकातल्या हॉटेलात, भर गर्दीत, प्रेमानंद सरांनी ही घोषणा केली. सरांना मिशा नव्हत्या. पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण सरांचा आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचायची सवय असलेला होता. एकतीस वर्षं विज्ञान शिकवून ते निवृत्त झाले होते. गावापासून दीड किलोमीटरवर शेतात घर बांधलं होतं. विजेचा खांब कुणाच्या बांधावरून यायचा यावर तीन वर्षं भांडण चाललं, तेव्हा सरांनी चिडून छपरावर सोलर बसवलं आणि प्रतिज्ञा केली, की आता खांब स्वतः चालत दारात आला तरी मीटर घेणार नाही!

प्रतिज्ञा आठ महिने उत्तम चालायची. आषाढात आभाळ आलं की मात्र बॅटरी संध्याकाळी सातच्या सुमाराला मान टाकायची.

आणि घोळ नेमका सातचाच होता. आषाढी पौर्णिमेला बौद्धांचा वर्षावास सुरू झाला, की तीन महिने वस्तीतल्या बायका रोज संध्याकाळी एका घरी जमून ग्रंथवाचन ऐकायच्या. गेल्या वर्षी मुक्ताबाईंनी मोठ्या हौसेनं ते वाचन आपल्या घरी आणलं. दुसऱ्याच दिवशी अर्ध्या वाक्यावर बल्ब गेला. अंधारात एकीचा पाय दुधाच्या पातेल्यात गेला, दुसरीनं तिला सावरताना तांब्या उलटवला आणि तिसरीनं ‘साप! साप!’ म्हणून ओरडून सगळ्यांना अंगणात काढलं. पुढचे तीन महिने वाचन मोबाइलच्या उजेडात झालं. शेवटच्या दिवशी बायका फार गोड आवाजात म्हणाल्या, "ताई, पुढल्या साली वस्तीतच बसू की. तुमाला तरास नको."

ते गोड बोलणं मुक्ताबाईंना फार लागलं. त्यांनी यंदाचं वाचनही हट्टानं आपल्याच घरी घेतलं आणि नवऱ्याला शांतपणे सांगितलं, "आवं, यंदा बल्ब गेला ना, तर मी उमरग्याला श्रावस्तीकडं जाणार. आश्विन पौर्णिमेपस्तोर येणार न्हाय."

श्रावस्ती म्हणजे त्यांची मुलगी. चहात पत्ती आधी टाकायची की साखर, हे सर आजवर कधी ठरवू शकले नव्हते. आणि खरं सांगायचं तर मुक्ताबाई नसल्या, की त्या एवढ्या मोठ्या शेतात त्यांना भीती वाटायची. हे त्यांनी कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

म्हणून पवनचक्की! आभाळ असलं की वारा असतोच; म्हणजे सूर्य झोपला की वारा कामाला! बोअरच्या जुन्या केसिंग पाइपाचा चाळीस फुटी खांब वेल्डर नबीलालनं उभा केला, चारी बाजूंनी तारा ताणल्या आणि वर तीन पात्यांचं यंत्र चढवलं.

"सर, कसलंबी तुफान येऊ द्या, ह्यो हलनार न्हाय," नबीलाल म्हणाला. "बिल्कुल फिकीर करू नका. वारा पडला तर मात्र जिम्मेदारी माझी न्हाय!"

घरात भिंतीवर एक खटका बसला. वर केला की चक्की फिरणार, खाली केला की थांबणार. पौर्णिमेला वाचन सुरू झालं. बल्ब असा लख्ख लागला, की म्हाताऱ्या बायकांनी डोळ्यांवर पदर घेतला. मुक्ताबाई तर चक्क हसल्या! पंधरा दिवस सर छाती काढून गावातून फिरले.

सोळाव्या दिवशी शेजारच्या शेतातला हरिबा बांधावर येऊन उभा राहिला.

"सर, जरा त्यो तुमचा पंखा बंद ठिवा की."

"पंखा नव्हे हरिबा, पवनचक्की. का बरं?"

"ढग पळवायलाय त्यो."

सरांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. चूक नव्हती. गेले पंधरा दिवस पावसाचा थेंब नव्हता. नळदुर्गाकडून काळं आभाळ रोज यायचं, बेंबळीवरून पाहुण्यासारखं जायचं आणि पुढं कुठंतरी पडायचं. डोंगरावर मोठे पंखे लागल्यापासून तिकडचा पाऊस उडाला, असं हरिबानं चार जणांकडून ऐकलं होतं. आता गावातच पंखा म्हटल्यावर संपलंच!

"अरे, वाऱ्यामुळं ती फिरते! तिच्यामुळं वारा फिरत नाही!"

"घरातला पंखा फिरला की वारा येतो का न्हाय?"

"येतो. पण तो विजेवर फिरतो."

"मग ह्यो कशाचा हाय?"

"हा वीज तयार करतो."

"म्हंजे हाय की विजेचाच!"

सरांनी घरातला जुना फळा आणून त्यावर आकृती काढली. हरिबानं ती पूर्ण पाहिली, मान डोलावली आणि म्हणाला, "समजलं सर. पर बंद ठिवा."

दुसऱ्या दिवशी तीस-चाळीस माणसं आली. त्यांच्यात सरांचा जुना विद्यार्थी मच्छिंद्रही होता. दहावीला त्याला विज्ञानात पंचाण्णव पडले होते, आणि तोच सगळ्यात पुढं!

आता शहाण्या माणसानं काय करावं? पाणी पाजावं, गोड बोलावं, परत पाठवावं. पण सरांच्या हातात मोबाइल होता, आणि मोबाइलवर हवामानाचा अंदाज होता. पुढचे दहा दिवस कोरडे! सरांचे डोळे चमकले. एकतीस वर्षांत त्यांना एवढा मोठा वर्ग मिळाला नव्हता.

"आपण प्रयोग करू!" सर गरजले. "चक्की चार दिवस बंद! पाऊस येणार नाही. म्हणजे काय सिद्ध होईल?"

"आन् आला तर?" हरिबानं विचारलं.

"आला, तर तुम्ही म्हणाल तेव्हाच चालू करीन! शब्द आहे माझा!"

आतून मुक्ताबाईंचा आवाज आला, "आवं, बल्बाचं काय?"

"ऊन आहे की अगं! सोलर कशाला आहे?"

सकाळी अकरा वाजता सरांनी सगळ्यांदेखत खटका खाली केला. पाती थांबली. माणसं घरी गेली.

दुपारी चार वाजता पाऊस आला.

तो साधासुधा आला नाही. असा आला, की समोरचा बांध दिसेना! सर खिडकीत उभे राहून एकदा मोबाइलकडं आणि एकदा बाहेर पाहत होते. मोबाइलवर अजूनही कडक ऊन होतं. संध्याकाळी हलगी वाजवत निम्मं गाव भिजत आलं, खांबाला हळदीकुंकू लागलं, बुडाशी नारळ फुटला. "योगायोग! योगायोग आहे हा!" सर ओरडत होते. त्यांच्या हातात कुणीतरी खोबऱ्याचा तुकडा ठेवला.

पाऊस दुसऱ्या दिवशी थांबला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. सूर्य कुठल्या दिशेला उगवतो हेही विसरायला झालं. तिसऱ्या संध्याकाळी वाचन चालू असताना बल्ब पिवळा पडला, मग तांबूस झाला आणि मग गेला. कुणी ‘साप’ म्हणून ओरडलं नाही. बायकांनी गुपचूप आपापले मोबाइल काढले. मुक्ताबाईंनी त्या उजेडात पान पुरं केलं, सगळ्यांना जयभीम घातला, दारापर्यंत पोचवलं आणि परत येऊन कपाटावरची बॅग खाली काढली.

"मुक्ता, अगं—"

"शब्द देताना मला इचारलं व्हतं?"

सर रात्रभर जागे होते. पाचव्या दिवशी सकाळी ते खटक्याकडं गेले, तर खिडकीबाहेर हरिबा पोत्याची खोळ पांघरून उभा!

"सर, आमी अजून म्हनलो न्हाय."

"अरे, चार दिवस झाले! आणि विज्ञानात शब्द-बिब्द काही नसतं!"

"मग दिला कशाला?"

एकतीस वर्षं प्रश्न विचारण्यात गेली होती. उत्तर न येणं म्हणजे काय, हे त्यांना आत्ता कळत होतं. घरात ओल आली होती. गोधड्यांना कुबट वास सुटला होता. मुक्ताबाई लागेल तेवढंच बोलत होत्या, आणि आता फारसं काही लागत नव्हतं. त्यांनी श्रावस्तीला फोन करून सांगितलं, "शनिवारी जावयांना गाडी घेऊन लावून दे." सरांनी ते ऐकलं आणि ओल्या ओट्यावर तसेच बसून राहिले. चाळीस फुटांवर तीन पाती गप्प उभी होती. दाराच्या आत, हातभर अंतरावर खटका होता. आणि तो उचलायची माणसाला चोरी!

शनिवार उजाडला. पावसाचा नववा दिवस. बॅग दारात होती. जावई वाटेत होते. आणि चिखल तुडवत सगळं गाव परत आलं.

"सर," हरिबा हात जोडून म्हणाला, "आता चालू करा. सोयाबीन पान्यात हाय. असंच ऱ्हायलं तर कुजतंय सगळं."

पाहा आता! इतके दिवस जे करायला सर तडफडत होते, तेच गाव हात जोडून मागत होतं. आणि सरांचा हात उठेना. आत्ता खटका वर केला आणि उद्या ऊन पडलं, तर या गावात विज्ञान कायमचं मेलं! नाही केला, तर जावयांची गाडी येणार. सरांनी मुक्ताबाईंकडं पाहिलं. त्या बॅगेची चेन लावत होत्या. चेन अडकली होती आणि त्या ती उगाचच जास्त वेळ ओढत होत्या.

सर ओट्यावर चढले.

"मी चालू करतो. पण विजेसाठी! बल्बासाठी! पंख्याचा... पवनचक्कीचा पावसाशी संबंध नाही! म्हणा सगळ्यांनी!"

"पंख्याचा पावसाशी संबंध न्हाय!" सगळं गाव एका सुरात म्हणालं. मच्छिंद्रनं तर हातही वर केला.

"पुन्हा!"

"संबंध न्हाय!" आणि मागून एका म्हातारीचा आवाज आला, "झालं का मंत्र म्हनून? आता लावा की बाबा!"

सरांनी डोळे मिटून खटका वर केला.

काहीच झालं नाही. पाती हलेनात. वाराच नव्हता! सगळं गाव माना वर करून उभं, तोंडात पाऊस. नबीलाल लांबून ओरडला, "सर, म्या आधीच बोललो व्हतो, वाऱ्याची जिम्मेदारी माझी न्हाय!" अर्धा तास गेला. रस्त्यावर जावयांच्या गाडीचा हॉर्न वाजला. सरांना आता विज्ञान नको होतं, अज्ञान नको होतं. फक्त वारा हवा होता. ‘ये रे,’ ते मनात म्हणाले, आणि आपण हे कुणाला म्हणालो या विचारानं त्यांना घाम फुटला.

तेवढ्यात एक पातं हललं. मग दुसरं. मग तिन्ही! घरघर सुरू झाली तसं गाव नाचायला लागलं. चारच्या सुमाराला आभाळ निवळलं, पाचला ऊन पडलं आणि सातला बल्ब लागला. बायका आल्या. मुक्ताबाईंनी ग्रंथ उघडला. जावई चहा पिऊन, काही न विचारता, एकटेच उमरग्याला परत गेले.

सर जिंकले होते. पण त्यानंतर जे सुरू झालं, त्यापेक्षा अंधार परवडला असता! हरिबाचा उडीद काढणीला आला, त्याला ऊन हवं. मच्छिंद्रचं सोयाबीन मागास पेरणीचं, त्याला पाऊस हवा. दोघं एकाच सकाळी आले. "सर, बुधवारपस्तोर चालूच ठिवा!" "सर, मंगळवारी तरी बंद करा!" खांबाखाली दोघांनी एकमेकांची कॉलर धरायची पाळी आली.

"मच्छिंद्र, तुला पंचाण्णव मार्क दिले मी!"

"परीक्षेत तेच लिवनार सर, जे तुमी शिकवलं," मच्छिंद्र म्हणाला. "पर सोयाबीन परीक्षेत न्हाय, रानात हाय."

सरांनी हात टेकले. त्यांनी खटक्याला पेटी बसवली, पेटीला कुलूप घातलं आणि वर लिहिलं: ‘बॅटरी उतरली तरच उघडावे’. ऊन चांगलं होतं. सोलरवर सगळं भागत होतं. चक्की बंद होती. सरांनी ठरवलं, आता काहीही झालं तरी नियम म्हणजे नियम.

त्याच्या दुसऱ्या दिवशी मुक्ताबाईंनी घरातल्या झाडून सगळ्या गोधड्या धुतल्या. नऊ दिवसांची ओल, सकाळपासून पाठ मोडेपर्यंत धुणं. अकरा गोधड्या तारेवर, बांधावर, बाभळीवर वाळत पडल्या. मुक्ताबाई कंबर धरून ओट्यावर बसल्या. आणि दुपारी नळदुर्गाच्या बाजूनं काळं आभाळ उठलं.

मुक्ताबाईंनी आभाळाकडं पाहिलं. मग गोधड्यांकडं. मग सरांकडं.

सर उठले. बांधावर हरिबा नाही, हे त्यांनी दोनदा पाहिलं. मग आत गेले. कुलूप उघडल्याचा बारीक आवाज आला. वर पाती घरघरायला लागली. सर बाहेर येऊन मुक्ताबाईंच्या शेजारी बसले.

"बॅटरी उतरली व्हय?" मुक्ताबाईंनी विचारलं.

"नाही. फुल आहे."

"मग?"

सरांनी त्या ढगाकडं पाहिलं. मग जमिनीकडं बघत म्हणाले,

"राहू दे पंखा चालू. गोधड्या वाळेस्तोवर."