वारणाबाईंचं धुता येणारं जाकीट

मुलांनो, सरळ बसा आणि नखं कुरतडू नका. एका जंगलात नुकताच डांबरी रस्ता झाला होता. तो कुठून कुठे जातो हे कुणालाच सांगता येत नव्हतं, पण रस्ता झाला म्हणून प्राण्यांनी मोटरसायकली घेतल्या. कासवानेसुद्धा घेतली.

नदीकाठी अच्युतराव नावाचं एक पाणमांजर राहायचं. पाणमांजर म्हणजे मांजर नव्हे. ते पाण्यात राहतं, मासे खातं आणि दिवसातून चौदा वेळा अंग धुतं. अच्युतरावांचे मासे घराच्या पायरीशीच पोहत असत, तरी त्यांनी गाडी घेतली. का? तर घाटमाथ्यावर चहा बरा मिळतो म्हणून.

पहिल्याच आठवड्यात ते पडले. फार काही नाही, कोपर सोलवटलं. पण त्यांच्या पत्नी वारणाबाई यांनी ते कोपर पाहिलं आणि ओसरीवर मटकन बसल्या. हसू नका. त्यांचा नवऱ्यावर फार जीव होता, आणि यांना असंच एक दिवस कुणीतरी गाठोड्यात बांधून आणून देईल, या भीतीने त्यांना घास गिळवेना.

"उद्यापासून कातड्याचं जाकीट घातल्याशिवाय गाडीला हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या.

"अगं, आणतो की बाजारातून."

"विकतचं नको. कुणी कसल्या हातांनी शिवलेलं असेल! मी घरी शिवते."

जंगलात कातड्याचं दुकान एकच. ते जटाशंकर गिधाडाचं. माल त्याला कुठून मिळतो हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणी विचारत नसे. वारणाबाई नवीन होत्या, त्यांनी विचारलं.

"हे कुणाचं हो?"

"वहिनी, या दुकानात नावं विचारायची नसतात. जाडी विचारा." जटाशंकरने एक काळंभोर कातडं फळीवर आपटलं. "हे रेड्याचं. रस्त्यावर शंभर हात घासत गेलात तरी आत काही कळायचं नाही."

"धुता येतं?"

"धुवायचं नसतं, वहिनी. ओल्या फडक्याने पुसायचं आणि तेलाचा हात फिरवायचा."

वारणाबाईंनी पदर नाकाला लावला. "म्हणजे घाम, धूळ, चिलटं, सगळं तसंच अंगावर वागवायचं? आमच्या घरात कढीपत्त्याची काडीही धुतल्याशिवाय आत येत नाही."

जटाशंकर मुरलेला दुकानदार. त्याने वाद घातला नाही. रेड्याचा, बकऱ्याचा आणि सांबराचा असे तीन तुकडे कापून दिले. "घरी नेऊन एकेक दगडाला बांधा आणि रस्त्यावरून फरफटत ओढा. जो फाटणार नाही, त्याचं जाकीट शिवा," असंही सांगितलं.

वारणाबाईंनी तुकडे घरी नेले आणि रिठ्याच्या पाण्यात भिजत घातले. मग नदीवरच्या दगडावर धोपटण्याने यथास्थित बडवले. रेड्याचा तुकडा वाळून पाटासारखा ताठ झाला. बकऱ्याचा आकसला आणि बाहुलीच्या परकराएवढा उरला. सांबराचा मात्र धुतल्यावर अधिकच मऊ झाला. वारणाबाईंनी तो गालाला लावून पाहिला आणि निकाल दिला. ओढून बघायचं राहूनच गेलं.

पंधरा दिवस त्या दाभण घेऊन बसल्या. जाकीट झालं, विजार झाली. कोपरांवर, खांद्यांवर आणि गुडघ्यांवर त्यांनी कातडं दुहेरी लावलं. अंगठ्याची चाळण झाली, पण कुरकुर केली नाही. खरं सांगतो मुलांनो, काम फार सुरेख झालं होतं. अच्युतराव ते घालून निघाले तेव्हा वारणाबाईंना बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवण गेलं.

संध्याकाळी ते परत आले. छातीवर चिलटं, पाठीवर चिखल, बाहीवर चहाचा डाग.

"काढा," वारणाबाई म्हणाल्या. "आधी ते काढा, मग घरात या."

जाकीट धुतलं गेलं. आता कातडं उन्हात वाळवलं तर कडक होतं, म्हणून सावलीत टाकायचं. नदीकाठची सावली म्हणजे काय विचारता! पाच दिवस लागले. त्या पाच दिवसांत अच्युतराव बनियनवर घाट चढून चहा पिऊन येत होते. सहाव्या दिवशी जाकीट घातलं, संध्याकाळी ते पुन्हा दोरीवर गेलं.

शेजारी साळींदराच्या काटेकाकू राहत. त्यांना कुंपणावरून सगळं दिसायचं. त्या म्हणाल्या, "वारणे, दोन शीव की! एक दोरीवर, एक अंगावर."

वारणाबाईंना हे एकदम पटलं. त्यांनी दुसरं जाकीट शिवलं, पहिल्याहून सरस. आणि विजारीसकट दोन्ही एकदम धुवायला घेतली. एकासाठी वेगळे रिठे कोण भिजवत बसणार?

"अगं, आज काय घालू?" अच्युतरावांनी गाडीपाशी उभं राहून विचारलं.

"दोन्ही ओली आहेत. आजच्या दिवस हळू जा."

"हळूच जातो."

घाटातल्या तिसऱ्या वळणावर खडी सांडलेली होती. गाडी एकीकडे गेली, अच्युतराव दुसरीकडे. कासव मागून येत होतं, त्याने तासाभराने त्यांना पाहिलं आणि आणखी दोन तासांनी घरी आणून पोहोचवलं.

जीव वाचला. पण दोन्ही कोपरं, उजवा खांदा आणि दोन्ही गुडघे गेले. वैद्यबुवा एकेक जागा दाखवत फळकुटं बांधत होते आणि वारणाबाई बघत होत्या. जिथे जिथे दुहेरी कातडं लावलं होतं, नेमक्या त्याच जागा. त्या उठून परसात गेल्या. दोरीवर दोन जाकिटं शेजारी शेजारी टांगलेली होती, कोरी करकरीत. त्या दोरीखाली बसल्या आणि हमसून हमसून रडल्या.

"मीच केलं हे," त्या म्हणाल्या. "अंगात असतं तर यांना खरचटलंसुद्धा नसतं."

काटेकाकूंनी कुंपणावरून मान काढली. त्यांनी जाकिटाची बाही चाचपली, शिवण उलटसुलट करून पाहिली.

"वेडी आहेस का? अंगात असतं तर याच्या चिंध्या झाल्या असत्या! एवढं सुंदर काम आणि त्या खडीवर? बरं झालं बाई, दोरीवर होतं."

वारणाबाईंचं रडं थांबलं. त्यांनी जाकिटाकडे पाहिलं. खरंच, एक ओरखडा नव्हता. त्यांनी डोळे पुसले, आणि हात धुतलेले नव्हते म्हणून बाहीला मात्र लावले नाहीत.

मग भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. जो तो आत डोकावून अच्युतरावांना "कसं काय?" विचारायचा आणि लगेच परसात जाकीट बघायला जायचा. जटाशंकरने दुकानावर पाटी लावली, 'भीषण अपघातातून सुखरूप राहिलेलं कातडं येथे मिळेल.' त्या महिन्यात जंगलातल्या निम्म्या घरांत रिठे भिजत पडले.

खाटेवर फळकुटांत बांधलेल्या अच्युतरावांनी चौथ्या दिवशी डोळे नीट उघडले.

"जाकीट?" त्यांनी क्षीण आवाजात विचारलं.

"दोन्ही छान आहेत हो," वारणाबाई म्हणाल्या. "सकाळीच वाळली."

"सुटलो," अच्युतराव म्हणाले आणि समाधानाने पुन्हा झोपी गेले.

तात्पर्य : संरक्षक कपडा नेहमी असा निवडावा, की मोठ्यात मोठ्या अपघातातही त्याच्या केसाला धक्का लागू नये.