वास्तू ऐकत असते

सार्वजनिक भूमी सर्वांची असते, आणि म्हणूनच ती कोणा एकाला मायेपोटी स्वस्तात देता येत नाही, मग तो कितीही सज्जन का असेना. दत्तप्रसाद काकांना हा न्याय मनापासून मान्य होता. दुःख एवढेच की या वेळी त्या तराजूत त्यांचाच शनिवारचा मराठी वर्ग बसला होता.

टार्निट या परदेशातल्या उपनगराच्या जुन्या सभागृहात काका अनेक वर्षे मुलांना शिकवीत आले होते. महामारीत कौन्सिलची, म्हणजे तिथल्या नगरपालिकेची, तिजोरी आटली आणि तिच्या मालकीचे हे सभागृह विक्रीला निघाले. महाराष्ट्र मंडळाने विनवले, "आम्हालाच द्या." उत्तर नम्र पण ठाम आले: त्रयस्थ मूल्यांकन होईल आणि त्याहून कमी घेता येणार नाही, कमी घेणे म्हणजे लोकांच्या पैशातून खिरापत वाटणे.

"व्हॅल्यूएशन कमी आलं तरच आपल्याला जमेल, काका," मंडळाची सचिव चिन्मयी म्हणाली. "खोटं काही बोलायचं नाहीये. छत गळतं, फळ्या वाळवीनं खाल्ल्यात. फक्त दाखवा."

निर्बंधांमुळे मंडळाचा एकच माणूस आत चालणार होता. किल्ली काकांकडे, म्हणून काका. चिन्मयी बाहेर गाडीत बसली. फोनमधून तिचा आवाज काकांच्या कानात.

मूल्यांकन करायला आलेल्या लुर्डस मास्कआडून हसल्या. "मी मूळची वसईची, काका. पण आज ओळखपाळख नाही हं, काम ते काम."

"योग्यच आहे."

"मग, बिल्डिंगला काही प्रॉब्लेम?"

काकांनी तोंड उघडले आणि मिटले. वास्तूत उभे राहून अशुभ बोलू नये, ती ऐकत असते आणि ऐकलेल्याला 'तथास्तु' म्हणते, हा त्यांच्यावरचा बाळपणापासूनचा संस्कार. तो आज, नेमका आज, जिभेवर येऊन बसला.

"छत, काका! छत!" कानात चिन्मयी.

"छताने आम्हाला आजवर सांभाळले," काका म्हणाले.

"आणि हा डाग?"

"पर्जन्याची कृपा."

लुर्डसच्या पायाखाली फळी करकरली. "वाळवी आहे का?"

"इथे जीवमात्राला आश्रय मिळतो."

"काकाऽऽ!" कानात किंकाळी उठली.

जवळून ट्रेन गेली. खिडक्या थडथडल्या, लुर्डस दचकल्या.

"मुले याच तालावर पाढे म्हणतात," काका गहिवरून म्हणाले. "इथला मुलांचा आवाज कधी थांबू नये, एवढीच इच्छा."

काकांचा बेत वेगळाच होता. लुर्डसना फाटकाबाहेर न्यायचे आणि वास्तूच्या माघारी सगळे दोष सांगून टाकायचे. पण बाहेर पाऊल पडते न पडते तोच लुर्डसचा फोन वाजला. "पुन्हा लॉकडाऊन लागतोय, काका. मुलाला शाळेतून आणायचंय. सॉरी हं!" आणि गाडी निघूनही गेली.

चिन्मयीने काच खाली केली. "आपण हॉल विकत घ्यायला आलो होतो, काका. तुम्ही तो विकलात."

आकडा आला तो मंडळाच्या ऐपतीच्या कितीतरी पलीकडचा. सभागृह एका कंपनीने घेतले. काकांची अन्नावरची वासना उडाली. ऑनलाइन वर्ग जोडून द्यायला चिन्मयीचा चेहरा पडद्यावर आला की ते पुस्तकात डोके घालीत.

लॉकडाऊन उठल्यावर किल्ली परत करण्याचा दिवस आला. सभागृहासमोरचा रस्ता ओलांडून, पलीकडच्या फुटपाथवरून काकांनी लुर्डसना स्पीकरवर फोन लावला. शेजारी चिन्मयी उभी होती.

"ताई, छत गळते. फळ्या पोखरलेल्या आहेत. मी तेव्हा बोललो नाही. माझ्यामुळे सगळे गेले."

"अहो काका, मला ते दिसत नव्हतं होय? पण त्या बिल्डिंगची किंमत मी शून्यच धरली होती. पैसे सगळे जमिनीचे. स्टेशन जवळ ना!"

"म्हणजे छत दाखवलं असतं तरी..." चिन्मयी.

"तेवढाच आकडा. ते पाडणारच आहेत. चाइल्डकेअर बांधतायत, लहान मुलांचं पाळणाघर."

फोन बंद झाला. आता दोष द्यायलाही कोणी उरले नव्हते, आणि ते फारच जड गेले.

"काका," चिन्मयी म्हणाली, "मुलांचा आवाज थांबू नये म्हणालात ना? वास्तूनं ऐकलं बरं का. फक्त कुणाची मुलं, ते सांगायचं राहिलं तुमचं."

काका रस्ता ओलांडून आत गेले. भिंतीवर हात ठेवून, तिला नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "इथे येणारी लेकरे सुखात राहोत. विकणारे, घेणारे, किंमत लावणारे, सर्वांचे कल्याण होवो. आणि ज्यांना परवडले नाही, त्यांचेही."