पोट आवळायचं जंगी मैदान

माणसाचा कणा ताठ आसावा, आसं मोठी मोठी माणसं भाषणात सांगत्यात. भाषण झाल्याव खुर्चीतनं उठायला त्यांनाच दोन माणसं लागत्यात, ती गोष्ट येगळी. कणा ही सार्वजनिक वस्तू हाय. दुखतो एकाचा, पन त्याच्यावर मत द्यायचा हक्क समद्या वाडीला असतो. आमच्या वाडीत शंभरातल्या नव्वद जणांची पाठ दुखती. उरल्याली धा तालमीत जात्यात, त्यामुळं त्यांची दुखली तरी ती सांगत न्हाईत.

(आमच्या आज्याचा कणा मातूर खरंच ताठ हुता. मेल्याव त्याला ताटीवर झोपवायला गेली तर वाकंना. शेवटी उभाच नेला. वाटंत दोघांनी त्याला राम राम घातला. खोटं वाटत आसंल तर त्यालाच इचारा.)

माझा थोरला ल्योक भाऊसो. समदा जल्म मेंढरामागं गेला. लंगडं मेंढरू खांद्यावर टाकून कोसच्या कोस चालला, तवा पाठीला काय झालं न्हाई. पाठ गेली ती दात घासताना खाली पडल्यालं पेस्टचं टोपान उचलताना. वाकला त्यो वाकलाच. चौघांनी तसाच काटकोनात उचलून जीपमदी घातला आन मिरजंला नेला. मिरजंत दवाखान्यांची काय कमी न्हाई. स्टँडवर रिक्षावाला गावाचं नाव इचारतच न्हाई, नुसतं म्हणतो, “मणका का गुडघा?”

फोटू काढला. मणक्यातली गादी सरकल्याली, शीर दबल्याली, उजव्या पायात मुंग्या. डाक्टर म्हणालं, “ऑपरेशनची घाई नको. पोटाचे आणि पाठीचे आतले स्नायू बळकट करा. दिवाळीपर्यंत बघू. पण पायातली ताकद गेली, तर मात्र ऑपरेशनशिवाय इलाज नाही.”

आता दिवाळी म्हंजे आमची निघायची येळ. रान वाळतं, आन आमी मेंढरं घिऊन खाली कोरेगाव, मलकापूरच्या अंगाला उतरतो. भाऊसो चालला न्हाई, तर कळप इकायचा. आन कळप इकल्याव भाऊसोनं सकाळी उठून कुणाला हाक मारायची, ह्ये घरात कुणी बोलत नव्हतं.

व्यायाम शिकवायला क्षमाताई हुती. सांगलीची पोर, बोलणं धुतल्या तांदळावानी.

“काका, पाठीवर झोपा. गुडघे वाकवा. करदोडा जरा सैल झालाय असं समजा, आणि पोट तेवढंच आत घ्या. श्वास कोंडायचा नाही.”

“एवढंच?”

“एवढंच. आता एक हात वर, आणि दुसऱ्या बाजूचा पाय हळूच पुढे. कंबर हलू द्यायची नाही. मान उचलायची नाही. दोन्ही पाय एकदम वर न्यायचे नाहीत. पायात कळ गेली, मुंग्या आल्या, की त्या क्षणी थांबायचं.”

“ताई, ह्यात घाम कवा येतो?”

“येत नाही, काका.”

भाऊसोचं त्वांड पडलं. आमच्याकडं ज्या कामात घाम येत न्हाई, त्याला आजारपण म्हणत्यात.

तरी पोरानं नेमानं केलं. ओसरीवर घोंगडं आथरायचं आन उलट्या पडल्याल्या शेणकिड्यावानी एक हात, एक पाय, सावकाश. मग रांगत्या पोरावानी हातागुडघ्यावर उभं ऱ्हायचं, एक हात म्होरं, उलटा पाय मागं. हळूहळू मुंग्या बोटांतनं घोट्याला आल्या, मग गुडघ्याच्या वर सरल्या. एक दिस त्यानं आपली चप्पल आपुन घातली आन मला हाक मारून दावली.

खरं तर गोष्ट हितंच संपायची. पन आमची वाडी लय मायाळू. कुणालाबी एकट्याला बरं हू देत न्हाई.

पयला आला लालासाहेब. तालमीचा वस्ताद. कुस्तीत मान आखडली, तवापासनं शेजारी बघायचं झालं तर आख्खा वळतो. (बायकू म्हणती, ह्या मानंमुळंच संसार टिकला.)

“काय रं ह्ये, भाऊसो? पाळण्यातलं प्वार बी हातपाय हलिवतं.”

“आतनं जोर लागतो, वस्ताद.”

“आतनं? आरं, जोर दिसाय पायजे गड्या. सरक तिकडं.”

आन घोंगड्यावर आडवा झाला. आता आमच्या भागात एकच काम दोन माणसं करायला लागली, की तिसरा हलगी आणतो. चौथा पैज लावतो. पाचवा फ्लेक्स छापतो. सहावा त्या फ्लेक्सवर आपला फोटू न्हाई म्हणून रुसतो. हितवर आलं की मैदान जाहीर झालं आसं समजायचं.

पंचायतीचा मेंबर तानाजी, त्यानं रीतसर ठराव मांडला : सदर वाडीतील पाठ, कंबर व मान या अवयवांची दुरवस्था पाहता, ग्रामस्थांच्या आरोग्याच्या दृष्टीने पोट आवळण्याचे भव्य जंगी मैदान भरविण्यात यावे. सर्वानुमते मंजूर. (सर्वानुमते म्हंजे मी इरोधात बोलत हुते तवा माईक बंद हुता.)

क्षमाताईचं नियम कमिटीनं जसंच्या तसं घेतलं, नुसती किरकोळ दुरुस्ती केली. ताई म्हणती श्वास कोंडू नका. पन श्वास घेतला तर पोट हलतं, आन पोट हललं तर पंचानं निकाल कसा द्यायचा? म्हणून श्वास घील त्यो बाद. ताई म्हणती दुखलं की थांबा. पन न दुखता थांबला तर त्यो घरनं ठरवून आलाय आसं लोक म्हणणार. म्हणून दुखल्याबिगर थांबायला बंदी. ताई म्हणती दोन्ही पाय एकदम उचलू नका. त्ये कमिटीनं मान्य केलं आन दोन्ही पाय फकस्त अंतिम फेरीसाठी राखून ठिवलं.

मी ताईला फोन लावला.

“ताई, हिकडं तुमच्या व्यायामाचं मैदान लावलंय.”



“आजी, पण यात जिंकायचं काय असतं?”

“गदा.”

“काकांना भाग घेऊ देऊ नका.”

“त्यो न्हाई म्हणाला तर वाडी म्हणंल, मोडला. मोडल्यालं माणूस आमच्यात बसवून पोसत्यात ताई, कळपाम्होरं घालत न्हाईत.”

“मग एवढंच सांगा त्यांना. कळ आली की थांबा.”

मैदानाच्या दिवशी वाडीत पाय ठिवायला जागा नव्हती. मणक्याचं मल्ल येगळं, मानंचं येगळं, आन ज्यांना दुखणं कायच न्हाई, नुसतं पोट हाय, त्यांचा खुला गट. लाऊडस्पीकरवर निवेदक सुटला हुता : “लाल मातीत उताणा पडल्याला ह्यो ढाण्या वाघ! बघा, बघा, कसा हलत न्हाई!” पयल्यांदाच आसं मैदान बघितलं, ज्यात काय बी होत नव्हतं, आन माणसं उभी राहून शिट्ट्या मारत हुती. हलगीचा कडकडाट येवढा, की धोंडुबाईच्या म्हशीनं बी पोट आत वडलं. अजून सोडलं न्हाई. दूध काढायला बसलं की चहापुरतं येतं, त्ये बी उपकारानं.

प्रमुख पाव्हणं उशिरा आलं, ही रीतच हाय. त्यांनी मंचावरनं हात जोडलं. आता पाव्हण्याला नमस्कार केल्याबिगर कसं ऱ्हायचं? म्हणून समद्या मल्लांनी उताण्यानंच मान उचलली. बऱ्याच जणांची ततंच ऱ्हायली. त्यांना जाग्यावर उत्तेजनार्थ नारळ दिलं. नारळ घ्यायला बी मान वळंना, म्हणून पोटावर ठिवलं.

शेवटाला दोघंच उरलं. भाऊसो आन लालासाहेब.

दोन्ही पाय वर. हलगी चढली. लालासाहेबाचं त्वांड वांग्यावानी जांभळं. भाऊसोचा उजवा पाय थरथराय लागला. पयल्यांदा मांडी, मग पोटरी, मग पायाची बोटं. ती बोटं मी वळखते. मिरजंच्या वाटंवर जीपमदी तशीच उडत हुती.

मी पदर खवला आन मैदानात गेले. पंच म्हणाला, “आज्जे, बाया आत येत न्हाईत.”

“मग काढ भाईर,” म्हणलं आन पोराच्या उशाला बसले. “भाऊसो, मुंग्या आल्या का?”

“आल्यात.”

“खाली ठेव.”

“आये, गाव बघतंय.”

“बघू दे की. मेंढरामागं गाव चालणार हाय व्हय?”

“वस्ताद आता पडतोय, आये. जरासंच ऱ्हायलंय.”

“त्याला बी तसंच वाटतंय.”

भाऊसोनं डोळं मिटलं. गुडघं वाकवलं, आन एकेक पाय सावकाश, पयला डावा, मग उजवा, खाली टेकवला. श्वास सोडला. हलगी थांबली. मागनं कुणीतरी वरडलं, “पदराआड गेला रं!” आन समदी वाडी हसली. वाडीनं येवढं मनापासनं हसून लय साल झाली हुती, त्याचं समाधान हाय.

लालासाहेब जिकला. निवेदकाचा घसा बसला. तानाजी म्हणाला, “उठा वस्ताद, गदा घ्या.”

“उठिवतंय कोण?” वस्ताद आभाळाकडं बघत म्हणाला.

गदा त्याच्या छातीवर ठिवली, त्याला फळीवर ठिवला, फळी टेंपोत ठिवली, आन वाजतगाजत मिरजंला पोचवला. त्याला बघायला अजून रांग लागती. बिस्किटाचं पुडं येवढं जमल्यात, की शेजारच्या खाटंची पेशंटं बरी झाली तरी घरी जाईनात.

भाऊसोनं दुसऱ्या दिवशी ओसरीवर घोंगडं आथरलं. एक हात, एक पाय, सावकाश. दिवाळी झाली आन त्यो कळपामागं निघाला. चालत. त्याला काय हलगी नव्हती. काल फोनवर सांगत हुता, कोरेगावात चहाच्या गाड्यावर एकानं वळखलं.

“तूच का रं त्यो, ज्यानं पाय खाली टाकला?”

“व्हय.”

“आजून जरा धरला असतास तर गदा तुझी हुती की!”

मलकापुरात बी त्येच. पाठ कशी हाय, ह्ये अजून एकानं इचारलं न्हाई.

तुमी शिकल्याली माणसं, तुमी तसं कशाला म्हणाल? पन पोराचा पाय थरथरत हुता, तवा मनात एकदा आलंच असंल, ‘धर गड्या, वस्ताद आता पडतोय!’ आलं का न्हाई? लाजू नका. म्होरल्या साली या मैदानाला. बघणाऱ्यांची पाठ दुखू नये, म्हणून आमी टेकायच्या खुर्च्या ठिवतो.